काळ्या नदीच्या खोऱ्यातून, किनाऱ्याकिनाऱ्याने

मॉरिशसच्या नैऋत्य भागात एक नदी आहे. फ्रेंच वसाहतवाल्यांनी तिला 'रिव्हिएर न्वार', म्हणजे काळी नदी, असे नाव दिले आणि साऱ्या जिल्ह्यालाही तेच नाव पडले. नदी काही मोठी नाही. गंगा-गोदावरीची वर्णने वाचून आलेला पाहुणा तिच्या पुलावर उभा राहून 'नदी कोठे आहे?' असे विचारील, इतकी ती लहान आहे. परंतु वरच्या पठारावर भरपूर पाऊस पडतो आणि तेच पाणी काळ्याभोर अग्निजन्य खडकांत खोल दऱ्या कोरीत अशा किनाऱ्यावर येऊन पोहोचते, की जेथे यावे असे स्वतः पावसाला फारसे वाटत नाही. पठारावर छत्री आणि किनाऱ्यावर टोपी, असा हा मुलूख आहे.

पूर्वेस डोंगराची भिंत, पश्चिमेस समुद्र, मध्ये अरुंद पट्टी, तीवर माड आणि आंबा, आखूड पण पावसात खवळणाऱ्या नद्या, आणि संध्याकाळी पाण्यात बुडणारा सूर्य. हे वर्णन कोकणाचे म्हणून कोणी वाचून दाखविले तर कोणाला शंका येणार नाही. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांपर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर या बेटावर आले. त्यांपैकी मुंबई बंदरातून निघालेल्या मराठी कुटुंबांतील पुष्कळांची वस्ती याच जिल्ह्यात आणि त्याच्या वरच्या अंगास झाली. ही जागा त्यांनी निवडली होती असे मात्र कोणी समजू नये. गिरमिटाच्या कागदावर आंगठा उठविणाऱ्याला निवड कसली? कोठीचा मालक नेईल तेथे जायचे. तरीसुद्धा सूर्य समुद्रात मावळतो आहे हे पाहून त्या पहिल्या पिढीतील कोणा रत्नागिरीकराला क्षणभर बरे वाटले असेल, अशी कल्पना करण्यास हरकत नसावी.

हा सारा प्रदेश आजची माणसे मोटारीच्या काचेतून पाहतात. रविवारी स्नानासाठी, भाद्रपदात गणपतीच्या विसर्जनासाठी, पाहुण्यांना शामारेलची रंगीत माती दाखविण्यासाठी ती येतात आणि तासाभरात परत फिरतात. तो पाहण्याचे खरे साधन सायकल आहे. जाहिरातींच्या पत्रकांतून सायकल हा परदेशी प्रवाशांसाठी काल-परवा शोधून काढलेला खेळ असल्यासारखे लिहिलेले असते, ते वाचून जुन्या माणसांना हसू येते. उसाच्या मळ्यावर पहाटे कामाला जाणारा मजूर, कॅरियरवर गाईसाठी चारा बांधून परतणारा शेजारी, संध्याकाळी बैठकेत मुलांना अक्षरे शिकवायला जाणारा गुरुजी, हे सर्व सायकलवरच होते. दांडीवर एक मूल आणि मागे एक, असे सारे कुटुंब लग्नाला जाई. ती सायकल आता परसात गंजत पडली आहे, आणि तिच्याबरोबर रस्त्याची माहितीही गंजते आहे.

कास्काव्हेल या गावातील एका वृद्ध गृहस्थांनी गेल्या हिवाळ्यात हा गंज झाडण्याचे ठरविले. वय शहात्तर. सारा जन्म उसात गेलेला. गुडघे कुरकुरू लागले होते आणि डॉक्टरांनी सायकल बंद करण्याची सूचना केली होती. 'बंद करायची तर एकदा सगळा किनारा फिरून बंद करू,' असे त्यांनी घरात सांगितले. घरच्यांनी विरोध केला. अखेर तडजोड अशी झाली, की विद्यापीठात शिकणारी एकोणीस वर्षांची नात सोबत जाईल. नातीची सायकल एकवीस गिअरची आणि आजोबांची बिनगिअरची, लोखंडी, खोगिराचे चामडे दोनदा बदललेली.

या भागात सायकलने फिरू इच्छिणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती वाऱ्याची. मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि थंड ऋतू प्रवासाला उत्तम. परंतु याच महिन्यांत आग्नेयेचा वारा जोराने वाहतो. बहुतेक मंडळी जवळ पडते म्हणून रिव्हिएर न्वारहून निघतात आणि दक्षिण किनाऱ्यावर वाऱ्याशी झुंजत दमून जातात. शहाण्याने उलट करावे. सायकली आदल्या संध्याकाळी एखाद्या नातलगाच्या गाडीत घालून सुइयाक येथे न्याव्यात आणि पहाटे तेथून पश्चिमेकडे निघावे. असे केले म्हणजे वारा पाठीशी राहतो. शिवाय या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सुइयाक ते रिव्हिएर न्वार या सुमारे ४५ किलोमीटरांच्या वाटेवर समुद्रही सर्वकाळ आपल्याच बाजूला, डाव्या हाताशी असतो. आजोबांना हे कोणी शिकविले नव्हते. तरुणपणी बहिणीच्या सासरी जाता-येता ते त्यांना पायांनी शिकविले होते.

सुइयाकच्या ग्री-ग्री येथे बेटाभोवतीचे प्रवाळाचे कडे तुटलेले आहे, म्हणून तेथे लाटा थेट खडकावर येऊन आदळतात. उजाडताना तो आवाज ऐकून निघावे. पुढे सुरीनाम आणि रियाँबेल मागे पडतात, आणि प्रवाळाचे कडे पुन्हा सुरू होऊन समुद्र शांत होतो. एका बाजूस सुरूची झाडे आणि दुसऱ्या बाजूस ऊस. मे-जूनमध्ये गेले तर उसाला तुरे आलेले दिसतात आणि कापणीच्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या मोळ्या पडलेल्या. मात्र त्याच दिवसांत उसाच्या अवजड लॉऱ्याही धावत असतात. त्यांच्या मागे राहू नये आणि पुढेही राहू नये. सरळ उतरून त्यांना जाऊ द्यावे. दुसरा उपद्रव भटक्या कुत्र्यांचा. कुत्रे भुंकत आले तर पायडल जोरात मारण्याची बुद्धी होते, ती आवरावी. उतरून सायकल मध्ये धरावी, म्हणजे बहुधा कुत्र्याचा रस संपतो.

बेल ओंब्र येथे साखरेचा कारखाना होता. तो १९९९ मध्ये बंद झाला. ज्या जमिनीवर ऊस होता तेथे आता हॉटेले आणि गोल्फची हिरवळ दिसते. समुद्रकाठी एक साधे स्मारक आहे, तेथे मात्र थांबावे. १९२३ च्या जून महिन्यात 'ट्रेव्हेसा' नावाचे इंग्रज जहाज हिंदी महासागराच्या मध्यभागी बुडाले. त्यावरील माणसे दोन उघड्या होड्यांत बसली. एक होडी रॉद्रिग बेटाला लागली आणि दुसरी पंचवीस दिवसांनी, २९ जूनला, येथे बेल ओंब्रला. मोजके पाणी आणि मोजके बिस्कीट यांवर काढलेले पंचवीस दिवस! नातीने ते फोनवर वाचून दाखविले. आजोबांना ते वाचण्याची गरज नव्हती. होडीतल्या माणसांना पहिले कोणी पाहिले याची एक गोष्ट त्यांच्या लहानपणी कोठीवर सांगत असत. ती खरी की रचलेली हे ठरविणे आता शक्य नाही.

बे द्यू काप हे या किनाऱ्यावरील सर्वांत सुंदर वळण. येथे एक लहान नदी समुद्राला मिळते आणि रस्ता तिच्या मुखाला वळसा घालून आत जातो व पुन्हा बाहेर येतो. डिसेंबर १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज नाविक आपले गळके गलबत घेऊन येथेच आला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचे मोजमाप करून तो परतत होता. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात पुन्हा युद्ध पेटले आहे याची त्याला वार्ताही नव्हती. डागडुजीसाठी आलेल्या त्या पाहुण्याला फ्रेंच गव्हर्नराने अडकवून ठेवले ते १८१० पर्यंत. त्याचे स्मारक येथे आहे. पुढे माकोंदेचा खडक लागतो. तेथे रस्ता डोंगर आणि पाणी यांच्या मध्ये इतका चिंचोळा होतो, की मोटार आली तर सायकलस्वाराने भिंतीशी अंग चोरावे. माकोंदे हे नाव मोझांबिककडून गुलाम म्हणून आणलेल्या त्याच नावाच्या लोकांशी जोडले जाते. या रस्त्यावर एकट्या मराठी माणसाच्याच नव्हे, अनेकांच्या पूर्वजांचा घाम सांडला आहे, हे येथे आठवते.

ते अधिक तीव्रतेने आठवते ले मोर्न ब्राबाँ या पर्वताखाली. समुद्रात पाऊल टाकून उभा असलेला हा ५५६ मीटर उंचीचा कडा दूरवरून दिसतो. मालकांच्या मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या माथ्यावर आणि कपारींत लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. ती वार्ता घेऊन शिपाई वर येत असता, आपल्याला धरायला आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असे परंपरा सांगते. २००८ मध्ये युनेस्कोने या पर्वताला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्याआधी, २००६ मध्ये, ती पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला मिळाली होती. गुलामांचा पर्वत आणि गिरमिटियांचा घाट! एकाच लहान बेटावर ही दोन स्थाने आहेत आणि दोन्हींचा इतिहास ऊस या एकाच पिकाशी बांधलेला आहे. आपल्या मंडळींची सहल घाटावर जाते, मोर्नकडे केवळ पोहण्यासाठी जाते. हे बदलावयास हवे.

मोर्नला वळसा घातला की वारा पडतो. डोंगर त्याला अडवितात आणि एकाएकी ऊन जाणवू लागते. पाण्याच्या बाटल्या येथे भरून घ्याव्यात. ला गोलेत हे कोळ्यांचे गाव. समोर बेनितिए बेटावरील माड दिसतात. गावातील एका दुकानातून नातीने गरम गातो पिमाँ घेतले आणि दोघांनी ते पावात घालून खाल्ले. कडेला एका ओढ्यावरचा लहानसा पूल होता. आजोबांनी पुलाकडे बोट दाखविले.

"हा पऱ्ह्या. पावसात आमचा रस्ता अडवायचा."

"पऱ्ह्या म्हणजे नदीच ना, आजोबा?"

"नदी नव्हे गो. नदीला नाव असतं. पऱ्ह्याला कोण नाव ठेवतो?"

नातीने मराठी शाळेत विषय म्हणून घेतली होती आणि परीक्षेत चांगले गुणही मिळविले होते. 'नदी', 'सरिता', 'निर्झर' हे सर्व शब्द तिला ठाऊक होते. 'पऱ्ह्या' कोणत्याही पाठात आला नव्हता. तो रत्नागिरीच्या कोणत्यातरी गावातून गलबतात बसून आला, पाच-सहा पिढ्या घरात राहिला आणि एका पुलापाशी बाहेर पडला. मोटारीतून जाताना तो पूल दिसलाही नसता. तिने शब्द वहीत टिपून घेतला. दिवसभरात अशी अकरा टिपणे झाली. त्यांतील दोन शब्दांचा अर्थ आजोबांनाही नीट सांगता आला नाही. पण ते कोठे वापरावयाचे हे त्यांना पक्के माहीत होते.

काझ न्वायालपाशी उजवीकडे शामारेलचा घाट फुटतो. त्याला इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये काहीही म्हणोत, जुनी मराठी माणसे घाटच म्हणत. थोड्याच किलोमीटरांत रस्ता वळणे घेत अडीचशे मीटरांहून अधिक चढतो. माथ्यावर थंड हवा, धबधबा, आणि निरनिराळ्या रंगांची ती प्रसिद्ध माती. लाव्हाचा खडक कुजून तिची माती होते आणि तीतील लोह व इतर धातूंच्या संयुगांमुळे तांबडा, तपकिरी, जांभळा असे रंग उमटतात. तेथून एक रस्ता आणखी वर प्लेन शांपान्यवरून गंगा तलावाकडे जातो आणि दुसरा शुआझीवरून पुन्हा बे द्यू कापला उतरतो. म्हणजे ज्याचे पाय तरुण आहेत त्याला काझ न्वायाल, शामारेल, बे द्यू काप, मोर्न असे पूर्ण वर्तुळ एका दिवसात करता येते. ते या भागातील सर्वांत सुंदर आणि सर्वांत कष्टाचे वर्तुळ आहे. उतारावर ब्रेक तपासल्याशिवाय कोणी जाऊ नये. पावसानंतर तर जाऊच नये. आजोबांनी घाटाच्या तोंडाशी सायकल टेकवून वर पाहिले, पण चढले नाहीत. नातीने पुढच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर तो चढ चढला. दोन ठिकाणी उतरावे लागले, असे तिने प्रामाणिकपणे सांगितले.

काझ न्वायालच्या पुढे रस्त्याचे रूप पालटते. मोटारींची गर्दी वाढते, दोन्ही अंगांना नव्या बंगल्यांच्या भिंती उभ्या राहतात, आणि सायकलस्वाराला कडेची हातभर जागासुद्धा मिळत नाही. रविवारी सकाळी सातच्या आत हा तुकडा पार करावा, अन्यथा दुपार टळू द्यावी. याच तुकड्यात कोठेतरी, एका जुन्या कोठीच्या मजुरांची वस्ती होती. आजोबांचा जन्म तेथला. दगडी पायावरच्या, गवताने शाकारलेल्या घरांची रांग, एक बैठका, एक विहीर. रात्री कंदिलाच्या उजेडात तेथे त्यांनी बाराखडी गिरविली होती.

त्या ठिकाणी आता एक मोठे फाटक आहे. पहारेकऱ्याने दोघांना अडविले. तो उर्मट नव्हता. आत राहणाऱ्यांची परवानगी नसेल तर कोणालाही सोडावयाचे नाही, असा त्याला हुकूम होता. आजोबांनी त्याला क्रिओलमध्ये समजावून सांगितले, की त्यांना कोणाच्या घरी जायचे नाही, केवळ विहीर आहे का ते पाहावयाचे आहे. पहारेकरी म्हणाला, विहीर नाही, पोहण्याचा तलाव आहे. आजोबा यावर हसले. मग त्यांनी भिंतीच्या कडेने शंभरएक पावले सायकल हाती धरून नेली आणि भिंतीवरून डोकावणारा एक जुना आंबा नातीला दाखविला. बैठकेच्या मागे होता तोच हा. गुरुजी त्याच्याच काटकीने हातावर मारीत. नातीने छायाचित्र काढले. त्यात आंब्याचा शेंडा, भिंतीवरच्या काचा आणि आजोबांची टोपी एवढेच आले आहे.

जमीन विकणाऱ्याने विकली, घेणाऱ्याने घेतली. कायद्याने यात कोणाचा दोष काढता येणार नाही. परंतु ज्या वस्तीतून एका समाजाची भाषा आणि भजने टिकून राहिली, तिच्या जागी दोन ओळींची एक पाटीही असू नये, हे योग्य आहे काय? पाटी लावण्यासाठी मालकांची संमती लागेल, आणि संमती मागण्यासाठी आधी जागा नेमकी कोणती हे कोणीतरी सांगावे लागेल. सांगू शकणारी माणसे सत्तरीपुढची आहेत. एखाद्या मंडळाने तरुणांना सायकली देऊन, प्रत्येकाबरोबर एक वृद्ध देऊन, नसेल झेपत तर वृद्धाला मागून मोटारीत बसवून, या रस्त्याने पाठवावे आणि जागा नकाशावर उतरवून घ्याव्यात. हे काम फार खर्चाचे नाही. वेळेचे मात्र आहे.

तो मुक्काम ग्राँद रिव्हिएर न्वार येथे एका भाचीच्या घरी झाला. जवळच ला प्रनझ येथे इंग्रजांनी १८३० नंतरच्या वर्षांत बांधलेला मार्टेलो बुरूज आहे. भक्कम गोल भिंत, आत तोफेची जागा. संध्याकाळी तेथून सूर्यास्त पाहावा.

दुसऱ्या सकाळी खोरे. किनाऱ्याचा रस्ता सोडून पूर्वेकडे वळले की मोटारींचा आवाज मागे राहतो. पाच-सहा किलोमीटरांची ही वाट जवळजवळ सपाट आहे, लहान मुलांनाही झेपेल अशी. दोन्ही बाजूंना चिंचा, मोकळी कुरणे, आणि नशीब असेल तर हरणे. ही हरणे येथली नव्हेत, डचांनी १६३९ मध्ये जावा बेटावरून आणली. हळूहळू डोंगर जवळ येतात, नदीतील काळे धोंडे दिसू लागतात, आणि राष्ट्रीय उद्यानाचे द्वार लागते. १९९४ मध्ये हे उद्यान घोषित झाले. पुढच्या पायवाटा इतक्या खडकाळ आहेत, की सायकल येथेच ठेवून पायी जावे.

या दऱ्यांनी एक पक्षी वाचविला. मॉरिशसचा लहान ससाणा १९७४ मध्ये साऱ्या जगात केवळ चार उरला होता, आणि त्यांत अंडी घालणारी मादी एकच. कार्ल जोन्स या वेल्श निसर्गतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिले वाढवून, पुन्हा रानात सोडून त्याचा वंश टिकविला. पुढे गुलाबी पारव्याचीही अशीच जोपासना झाली. आज दोन्ही पक्षी शेकड्यांनी आहेत. आजोबा नदीच्या काठी धोंड्यावर बसले आणि नात वर कड्याकडे पाहत राहिली. ससाणा काही दिसला नाही. बुलबुल पुष्कळ दिसले.

परतीची वाट तामारँवरून. हे गाव पूर्वी मिठागरांसाठी प्रसिद्ध होते. काळ्या दगडांनी बांधलेल्या चौकोनी वाफ्यांत समुद्राचे पाणी वाळवीत आणि बायका डोक्यावरून मीठ वाहून नेत. त्यानंतर कास्काव्हेलपर्यंत सौम्य पण न संपणारा चढ आहे. शेवटच्या दोन किलोमीटरांत आजोबा उतरून चालले. नातीने आपली सायकल त्यांना देऊ केली, गिअर कसा बदलावा तेही दाखविले. त्यांनी थोडी चालवून पाहिली, 'ही आपोआप चढते, हिला माणसाची गरज काय?' असे म्हणून परत केली, आणि आपली लोखंडी सायकल ढकलीत घर गाठले. अंगणात सून पुरणपोळीचा तवा ठेवून वाट पाहत होती. जेवणानंतर नातीने वही काढली आणि अकरा शब्दांपैकी न उलगडलेले दोन आजीला विचारले. आजीने एकाचा अर्थ लगेच सांगितला.